मैत्रीण कुठल्या पानावर नाहीशी होते?

लग्नातल्या छळाबद्दलची कादंबरी किंवा सिनेमा समोर आला की हल्ली मी नवऱ्याकडे नंतर बघते. आधी मैत्रीण शोधते. नायिकेला लग्नाआधी मैत्रिणी असतातच. सुरुवातीच्या प्रसंगांत त्या चिडवतात, मेंदी काढतात, पाठवणीला रडतात. मग कुठेतरी दिसेनाशा होतात. लेखक त्यांना विसरला, की गोष्टीतल्या नवऱ्याने त्यांना बाहेर काढलं, हे तपासायची मला सवय लागली आहे. पुष्कळदा उत्तर पहिलंच निघतं. लग्न लागलं की मैत्रिणींचं काम संपलं, असं आपल्या लेखकांनाही वाटतं. त्यामुळे छळ सुरू होतो तेव्हा नायिका आधीच एकटी असते आणि ती एकटी कशी पडली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. वाचक दुसराच प्रश्न विचारत बसतो: एवढं सगळं होतंय तर ही निघून का जात नाही?

मला तो प्रश्न वाचनाच्या दृष्टीनेही आळशी वाटतो. ती निघून कुठे जाणार, कुणाला फोन करणार, आणि फोन केला तर पलीकडचं माणूस आठ महिन्यांनी आलेल्या त्या फोनवर काय म्हणणार, हे सगळं गोष्टीत आधीच्या पानांवर ठरलेलं असतं. ती पानं ज्या लेखकाने नीट लिहिली, त्याची गोष्ट खरी वाटते.

मीना कंदसामीची ‘व्हेन आय हिट यू’ ही कादंबरी २०१७मध्ये आली आणि पुढच्या वर्षी विमेन्स प्राइजच्या अंतिम यादीत होती. ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की इथे लेखिकेने ही पानं गाळलेली नाहीत. उलट सगळी कादंबरी त्याच पानांवर उभी आहे. चेन्नईची एक तरुण लेखिका डाव्या विचारांच्या एका प्राध्यापकाशी लग्न करून मंगळूरला येते. तिचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. नवरा मारतो, बलात्कार करतो, पण ते नंतर. त्याआधी तो तिच्याभोवतीची माणसं एकेक करून कमी करतो आणि ते कसं करतो, याचं वर्णन इतकं बारीक आहे की एखाद्या कारागिराचं काम बघतोय असं वाटतं.

फेसबुकचा प्रसंग घ्या. तिचं लिखाणाचं जग फेसबुकवर आहे. संपादक, इतर लेखक, कामाच्या संधी सगळं तिथेच, आणि मंगळूरसारख्या नव्या गावात तर दुसरं काहीच नाही. नवऱ्याला ते अकाउंट बंद व्हायला हवंय. तो ‘बंद कर’ असा हुकूम सोडत नाही. तो वाद घालतो, फेसबुक म्हणजे आत्मप्रदर्शन वगैरे सांगतो. ती ऐकत नाही. मग तो काडी पेटवतो आणि स्वतःच्या हातावर विझवतो. मग दुसरी. बायकोला तो हात लावत नाही. चटके तो स्वतःला देतोय आणि ते थांबवणं मात्र तिच्या हातात आहे. शेवटी ती अकाउंट बंद करते.

बटण तिने दाबलं, ही या प्रसंगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाहेरच्या जगाला काय दिसलं? तिने फेसबुक सोडलं. नवीन लग्न झालंय, संसारात रमली असेल. तिच्या शे-दोनशे ओळखीच्या लोकांपैकी कुणालाही काडेपेटी दिसलेली नाही. आता मैत्रिणी दुखावल्या, तर त्या तिच्यावर रागावणार, कारण सोडून ती गेली आहे.

मला कंदसामीची खरी अंतर्दृष्टी इथे दिसते. लग्नातला एकटेपणा नवरा लादतो, पण तो अमलात आणला जातो बायकोच्या हाताने. म्हणून तो बाहेरून तिची निवड वाटतो आणि काही दिवसांनी तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं. पुढे नवरा तिच्या ईमेलचा पासवर्ड घेतो. त्याचा पासवर्ड तिला देतो, म्हणजे हिशेब बरोबरीचा दिसतो. ‘आपल्यात काही लपवायचं नाही’ हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल, आणि ते प्रेमाचंच वाटतं. मग तो तिच्या वतीने उत्तरं लिहू लागतो. मग एके दिवशी तिचे हजारो ईमेल पुसून टाकतो. लेखक माणसाचा पत्रव्यवहार म्हणजे त्याची निम्मी आठवण असते, तीच गेली.

भाषेचा भागही तसाच. तिला तमिळ आणि इंग्रजी येतं, मंगळूरमध्ये ती बाजारात कन्नडचे मोजके शब्द वापरते. भाजी, दूध, किती, पुरे. या भाषेत ती फक्त गृहिणी आहे. लेखिका असणं, भांडणं, विनोद करणं यासाठी तिच्याकडे त्या गावात शब्दच नाहीत. लग्न करून दुसऱ्या राज्यात, किंवा नवऱ्याच्या नोकरीसाठी थेट न्यू जर्सीला गेलेल्या मराठी मुलींना हे पान वाचून काही सांगावं लागणार नाही. गाव बदलणं हा काही छळ नव्हे. पण छळ करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो, आणि त्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

ही कादंबरी मी एका ओळखीतल्या बाईंना वाचायला दिली होती. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, सुटून बाहेर पडलेल्या. काड्यांचं प्रकरण वाचून त्या म्हणाल्या, “आमच्याकडे काडेपेटी नव्हती गं. न जेवता झोपणं होतं.” त्या मैत्रिणीकडे जाऊन आल्या की नवरा जेवत नसे. भांडण नाही, आवाज नाही, ताट तसंच झाकलेलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई विचारायच्या, तो उपाशी का झोपला? दोन-तीनदा असं झाल्यावर मैत्रिणीचा फोन आला की यांनीच ‘आज जमणार नाही’ म्हणायला सुरुवात केली. पुढे फोन येणंही थांबलं. “त्याने मला कधीही जाऊ नको म्हटलं नाही,” असं त्या तीन वेळा तरी म्हणाल्या. त्या बोलण्यात तक्रार नव्हती. इतक्या वर्षांनंतरही त्यांना त्याचं कोडं सुटलं नव्हतं, तेवढंच जाणवलं.

कादंबरीबद्दल माझी तक्रार आहे, ती याच्याशीच जोडलेली आहे. कंदसामीचा नवरा फार बोलका आहे. बायकोने कविता लिहिली तरी त्याला वर्गशत्रू दिसतो. मार्क्स आणि लेनिन तोंडी लावून तो इतकी भाषणं ठोकतो की वाचताना हसू येतं. ते हसू लेखिकेला हवंच आहे, तिच्या निवेदिकेचं ते हत्यार आहे. पण त्यामुळे वाचक सुरक्षित अंतरावर राहतो. आपला नवरा, आपला भाऊ, आपला मित्र असा नाही, तो तर साधा बँकेत जातो, असं म्हणून पुस्तक मिटता येतं. न जेवता झोपणारा नवरा कादंबरीत आणणं जास्त अवघड आहे. त्याच्याकडे संवादच नसतात.

दुसरी गोष्ट मात्र तिने अचूक साधली आहे, ती म्हणजे या कोंडीत माणूस तगून कसा राहतो. निवेदिका नवरा घरात नसताना काल्पनिक प्रियकरांना पत्रं लिहिते आणि तो यायच्या आत पुसून टाकते. रोज लिहायचं, रोज पुसायचं. कुणाला पाठवायची नाहीत, कारण पाठवायला कुणी उरलेलं नाही. स्वतःकडे सिनेमातली नटी म्हणून बघण्याचाही एक डाव ती खेळते: हे घर म्हणजे सेट, ही साडी म्हणजे वेशभूषा, आज पत्नीचा सीन. बऱ्याच समीक्षकांनी याला शैलीचे प्रयोग म्हटलं. मला ते अगदी व्यवहारी उपाय वाटतात. ऐकणारं माणूस काढून घेतलं, तर आपण ते कागदावर तयार करतो. नाहीतर आपण काय विचार करत होतो, हेच विसरायला होतं.

विसरायला होतं, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. त्यासाठी ‘गॅसलाइट’कडे जावं लागेल.

‘गॅसलाइटिंग’ हा शब्द तुम्ही आठवड्यातून दोनदा तरी रीलमध्ये ऐकत असाल. मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशाने २०२२मध्ये त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. आता कुणी साधं खोटं बोललं, उशिरा आल्यावर भलतंच कारण सांगितलं, तरी ते गॅसलाइटिंग होतं. शब्द आला पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या नाटकावरून, आणि जगभर पोचला तो जॉर्ज क्यूकरच्या १९४४च्या सिनेमामुळे. त्यातल्या पॉलाच्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. गोष्ट व्हिक्टोरियन काळातल्या लंडनची आहे. नवरा ग्रेगरी रोज रात्री घराबाहेर पडतो आणि गुपचूप वरच्या बंद माळ्यावर जाऊन पॉलाच्या खून झालेल्या मावशीचे दागिने शोधतो. त्याने वरचा दिवा लावला की खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो. पॉलाला तो मंद झालेला दिसतो, वर पावलं ऐकू येतात. नवऱ्याने तिला आधीच पटवलेलं असतं की ती वस्तू हरवते, विसरते, तिला भास होतात.

रीलमध्ये दिवा आला, खोटं आलं. गळलं ते दार. तो दिवा काम करतो कारण घर बंद आहे. शेजारची मिस थ्वेट्स ही भोचक, गप्पिष्ट बाई घरात यायला उत्सुक असते. ती एकदा जरी संध्याकाळी येऊन बसली असती, तर दिवा तिलाही मंद दिसला असता आणि सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. ग्रेगरीला हे पक्कं माहीत आहे. म्हणून तो आलेल्या लोकांना परत पाठवतो, मोलकरणींना सांगून ठेवतो की बाईसाहेबांची तब्येत बरी नसते. लेडी डॅलरॉयच्या घरच्या संगीताच्या कार्यक्रमाला पॉला हट्टाने जाते, तेव्हा तो बरोबर जातो. मैफल चालू असताना स्वतःचं घड्याळ हरवल्याचं दाखवतो आणि ते तिच्याच पर्समधून काढतो. ती लोकांसमोर रडायला लागते. तो तिला घरी आणतो. तिने पुन्हा बाहेर जाऊ नये असं आता त्याने सांगायची गरजच नाही, तिलाच जायचं नाही. फेसबुकचं बटण आणि ही पर्स, दोन्हीकडे एकच युक्ती आहे.

पुढे स्कॉटलंड यार्डचा ब्रायन कॅमेरॉन घरात येतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत दिवा मंद होतो. तो तसं बोलतो. त्या क्षणी बर्गमनचा चेहरा बघा. सुटकेच्या आधीच ती सुटते, कारण तिला जे दिसत होतं ते दुसऱ्या माणसाला दिसलं. मला हा प्रसंग सिनेमाच्या शेवटापेक्षा मोठा वाटतो.

पण ‘गॅसलाइट’ आपल्याला थोडा फसवतोही. ग्रेगरीला दागिने हवेत. त्याच्याकडे कारस्थान आहे, त्यामुळे तो खलनायक आहे आणि पकडला जातो. खऱ्या घरात माळ्यावर दागिने नसतात. नवऱ्याला नेमकं काय हवंय, ते त्यालाही सांगता यायचं नाही. तो प्रेम करतो असंच तो सांगेल, आणि कदाचित त्याला तसं वाटतही असेल. हेतू सापडला नाही की आपण गुन्हाही नव्हताच असं धरून चालतो. वाचक म्हणून ही सवय आपल्याला रहस्यकथांनी लावली आहे.

कायदा या बाबतीत आपल्या समीक्षेपेक्षा पुढे आहे, हे मला जरा उशिरा कळलं आणि गंमत वाटली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. त्याच्या नियमांसोबत कौटुंबिक घटना अहवालाचा एक छापील नमुना आहे, संरक्षण अधिकारी तो भरतात. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळाखाली एक यादी येते. अपमान, टोमणे यांच्या पुढे वाचत गेलं की घराबाहेर पडू न देणं, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला भेटू न देणं आणि आत्महत्येची धमकी देणं हेही सापडतं. सरकारी नमुन्यात हे असेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मैत्रिणीला भेटू न देणं ही ‘नवरा-बायकोतली गोष्ट’ नाही, हिंसा आहे, असं तो कागद सांगतो. कंदसामीचा काड्या पेटवणारा नवरा त्या यादीपासून फार लांब नाही.

नमुन्याची मर्यादा ‘भेटू न देणं’ या शब्दांत आहे. त्याला मनाई करणारा माणूस लागतो. न जेवता झोपणाऱ्या नवऱ्याची नोंद त्या रकान्यात कशी करणार? ईव्हान स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००७मध्ये ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ या पुस्तकात हाच मुद्दा धरला. एकेका घटनेचा हिशेब मांडला तर हाती काहीच लागत नाही, सगळ्या घटना मिळून बाईचं स्वातंत्र्य कसं काढून घेतात, ते बघायला हवं, असं त्याचं म्हणणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५च्या कायद्याने अशा वागण्याला गुन्हा ठरवलं. पण घटनांमधला धागा दाखवणं हे मुळात गोष्ट सांगणाऱ्याचं काम आहे. कोर्टात ते सिद्ध करावं लागतं, कादंबरीत ते नुसतं नीट रचावं लागतं.

मराठीत हे कुणी रचलं आहे का?

पहिल्यांदा आठवतं ते तेंडुलकरांचं ‘कन्यादान’, १९८३चं. नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार, त्यांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते. तो तिला मारतो. पुढे त्याचं आत्मचरित्र गाजतं आणि त्या पुस्तकावरच्या सभेत नाथांना बोलावं लागतं. दलित तरुणाला मारकुटा नवरा म्हणून उभं करण्यावर जे आक्षेप घेतले गेले, ते मला पटतात. सवर्ण घरांतला शांत, न जेवता झोपणारा छळ यात झाकला जातो. तरी शेवटचा प्रवेश मला सोडवत नाही. ज्योती येते, वडिलांना सुनावते आणि आता माझ्याकडे येऊ नका म्हणून निघून जाते. दार तीच लावून घेते. नाटक तिथे नाथांच्या वैचारिक पराभवाकडे बघत राहतं, प्रेक्षकही त्यांच्याबरोबर हळहळतो. मी मात्र ज्योतीबरोबर जिना उतरते. आता तिला विचारणारं जगात कुणी नाही. तिची एकही मैत्रीण संबंध नाटकात नाही. तेंडुलकरांना ती लागलीच नाही, कारण त्यांचा विषय बाप होता.

एक साम्य मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. कंदसामीचा नवरा क्रांतीच्या भाषेत बायकोला गप्प करतो. ज्योतीला आदर्शांची भाषा वडिलांकडून मिळाली आहे आणि तीच भाषा तिला त्या घरात टिकून राहायला भाग पाडते. माणूस मुळात वाईट नसतो, आपण त्याला सोडायचं नसतं. सुशिक्षित, पुरोगामी घरांतल्या मुली बाहेर बोलत नाहीत, त्याचं एक कारण हेही असतं. लोक काय म्हणतील याची भीती तर असतेच, शिवाय आपण निवडलेला माणूस आणि आपण मानलेली तत्त्वं दोन्ही एकाच वेळी खोटी ठरतील याची भीती असते.

आत्मकथनांची गोष्ट वेगळी. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४चं आहे. चळवळीतल्या नामवंत कवीशी झालेल्या लग्नाबद्दल त्यांनी त्यात जे लिहिलं, ते आजही वाचताना धक्का बसतो. माणसांनी गजबजलेल्या घरात बाई किती एकटी असू शकते, हे मला त्या पुस्तकाने दाखवलं. बंद दाराची गरजच नसते, सगळी येणारी माणसं ‘त्याची’ असली की पुरतं. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) हे छळाचं पुस्तक नाही आणि मी त्याला त्या रांगेत बसवत नाही. पण त्यावर उठलेला गदारोळ आठवून बघा. एवढ्या लाडक्या माणसाच्या बायकोने संसारातली नाराजी लिहावी, याचाच कित्येक वाचकांना राग आला. जिथे वाचक असा पटकन नवऱ्याची बाजू घेतात, तिथे बोलायला तोंड उघडणारी बाई आधी अंदाज घेणारच.

हिंदी सिनेमाने २०२०मध्ये ‘थप्पड’ दिला. चांगला सिनेमा आहे, मला आवडला. पण तिथे थप्पड भर पार्टीत बसते, शंभर डोळ्यांसमोर. अमृताला ‘असं झालंच नाही’ असं कुणी सांगू शकत नाही. तिच्याभोवती वकील आहे, शेजारीण आहे, समजून घेणारा बाप आहे. दिवा मंद झालेला सगळ्यांनी पाहिलाय, भांडण फक्त त्याने काय बिघडलं यावर आहे. म्हणून तो सिनेमा प्रतिष्ठेबद्दल बोलू शकतो. एकटं पाडलेल्या बाईचं भांडण त्याच्या कितीतरी आधी अडलेलं असतं.

मराठीत या विषयाला एक खास अडथळा आहे, आणि तो म्हणजे माहेर. सासरच्या जाचाबद्दल आपल्याकडे गाणी आहेत, कहाण्या आहेत, सण आहेत. पंचमीला, दिवाळीला न्यायला माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी भाऊ असतो, फार तर बाप. सासरच्या दारात हक्काने उभं राहण्याची परवानगी रक्ताच्या माणसाला आहे. मैत्रिणीला ती कधीच नव्हती. ती आलीच तर ‘सहज आले होते’ म्हणून येणार आणि चहा घेऊन जाणार. त्यामुळे ती येईनाशी झाली, तर ते कुणाच्या नजरेत भरत नाही. भाऊ वर्षभर आला नाही तर गाव विचारतं. मैत्रीण पाच वर्षं आली नाही तर ‘लग्नानंतर मुली बदलतात’ म्हणतात. या एका वाक्याने किती नवऱ्यांचं काम सोपं केलं असेल.

जात्यावर मात्र वेगळी व्यवस्था होती. जातं ओढायला बऱ्याचदा दोघी लागायच्या. एक जाऊ, एक शेजारीण, एक नणंद. पहाटे पुरुष झोपलेले, आणि दगडाच्या घरघरीत जे गायलं जाई ते समोरचीला ऐकू जाई. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासूचा, नवऱ्याचा जाच आहे आणि तो ऐकणारीही आहे. पीठ गिरणीत दळलं जायला लागलं ते फार चांगलं झालं, पहाटे तीनला उठून दळण कुणालाही परत नको. पण त्या रचनेत घरातल्या घरात एक साक्षीदार होती, आणि तिला सासरची परवानगी होती, कारण ती कामाला बसलेली होती. कंदसामीच्या निवेदिकेकडे तेवढंही नाही. ती एकटी ओवी टाइप करते आणि नवऱ्याच्या गाडीचा आवाज आला की डिलीट करते.

ही सगळी पुस्तकं, सिनेमे आतल्या बाईच्या बाजूने सांगितलेले आहेत, ते योग्यच आहे. मला आता दुसरी बाजूही वाचायची आहे. दाराबाहेर राहिलेल्या मैत्रिणीची. तिला काय दिसतं? डीपीच्या जागी राखाडी गोल. ग्रुपमधून ‘लेफ्ट’. वाढदिवसाच्या शुभेच्छेला तीन दिवसांनी आलेलं ‘थँक्स गं’, ज्यात तिची नेहमीची स्मायली नाही, आणि हे नेमकं कुणी टाइप केलं असेल अशी क्षणभर आलेली शंका. राग, मग अभिमान, मग ‘तिला नकोय तर आपण कशाला’, मग दोन वर्षं. अशा मैत्रिणीच्या तोंडून कादंबरी लिहिली तर तिला आत काय चाललंय हे कधीच नक्की कळणार नाही. लेखकाला काडेपेटी दाखवता येणार नाही, फक्त बंद झालेलं अकाउंट दाखवता येईल, आणि त्यावरून वाचकाला काडेपेटी ओळखायला लावायची. अवघड काम आहे. एखादी प्रादेशिक बोली नीट पकडणारी, सोलापूर किंवा चिपळूणची, विशी-तिशीतली कुणी आत्ता फोनच्या नोट्समध्ये हे लिहीत असेल तर तिने ते पुसू नये.